आधी श्वास, मग चाल?

पुढच्या साथीला सोलापूर कितपत तयार आहे, या विषयावर गेल्या महिन्यात शहरात एक चर्चा झाली. ऑक्सिजनच्या टाक्या, खाटांची संख्या, तपासणीची यंत्रे यांवर दोन तास बोलणे झाल्यावर व्हीलचेअरवरून आलेल्या एका बाईंनी विचारले की २०२० मध्ये फिजिओथेरपी, वाचा-उपचार, कॅलिपरची (पायाला आधार देणाऱ्या साधनाची) दुरुस्ती असे सगळेच महिनोन्‌महिने बंद होते. पुढच्या वेळी याचे काय करणार आहात? व्यासपीठावरच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिले, “ताई, साथीत आधी श्वास, मग चाल.” सभागृहात टाळ्या पडल्या. मग एक कार्यकर्ते उठले आणि त्यांनी माणुसकीची आठवण करून दिली. त्यांनाही टाळ्या पडल्या. पुढचा सगळा वेळ वाद या दोन टोकांमध्येच फिरत राहिला. एका बाजूला अपुऱ्या साधनांचे गणित होते, दुसऱ्या बाजूला कणव होती. आणि पुनर्वसन-उपचार म्हणजे जीव वाचल्यानंतर द्यायची एक सोय आहे, हे दोन्ही बाजूंनी न बोलता मान्यच करून टाकले होते.

मला हे मान्यच नाही. पुनर्वसन-उपचार हा उपचारच आहे, आणि साथीच्या काळात तो सरसकट थांबवल्याने जीव वाचत नाहीत. मृत्यू आणि कायमचे नुकसान रुग्णालयातून उचलून घराच्या आतल्या खोलीत नेऊन ठेवले जाते, जिथे त्याची मोजदाद करायला कोणी येत नाही. त्यामुळे कोणता उपचार थांबू शकतो आणि कोणता नाही, याचा निर्णय दयेवर सोडता येणार नाही. तो वैद्यकीय ज्ञानाच्या आधारे, साथ दारात येण्याच्या कितीतरी आधी, लेखी घ्यावा लागेल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझा थोरला भाऊ २०१७ साली यंत्रमाग कारखान्याच्या छपरावर चढला असताना सिमेंटचा पत्रा फुटून खाली पडला आणि छातीखालचे त्याचे शरीर गेले. दोन वर्षांच्या मेहनतीने तो व्हीलचेअरवर सलग चार तास बसू लागला, टॉवेलांच्या घड्या घालून पाकिटे भरण्याचे काम घरी घेऊ लागला. आठवड्यातून तीनदा एक तरुण फिजिओथेरपिस्ट विजापूर रोडवरून दुचाकीने आमच्याकडे अशोक चौकात येत. ते दादाचे आखडणारे पाय ताणून देत, खांद्यांचे व्यायाम घेत. पण त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम आमच्या लक्षात फार उशिरा आले. दर वेळी दादाला कुशीवर वळवून ते त्याच्या टाचा, नितंब आणि माकडहाडाजवळची कातडी नीट बघत, लाल दिसेल तिथे बोटाने दाबत. ज्याला तिथले दुखणे कळतच नाही, त्याचे दुखणे ते बोट शोधून काढत असे.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला. चौथ्या दिवशी ते आमच्याकडे यायला निघाले, तेव्हा त्यांना नाक्यावर अडवले गेले. साडेचार वर्षांची पदवी आणि गळ्यात ओळखपत्र असूनही त्यांना ऐकावे लागले, “डॉक्टर असाल तर जा, मालिशवाल्यांना परवानगी नाही.” त्या पोलिसावर माझा राग नाही. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या त्या माणसाला जे कधी कोणी सांगितलेच नव्हते, ते त्याने ओळखावे अशी अपेक्षा मी कशी करणार? वहिनी घड्याळाचा गजर लावून दर दोन तासांनी दादाला वळवत राहिल्या. पण व्यायाम थांबल्यावर त्याच्या पायांचे झटके वाढले, गुडघे एकमेकांवर चढू लागले आणि चादरीवर कातडी घासू लागली. एप्रिलच्या मध्यावर माकडहाडाजवळ रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग दिसला. तो दाबला तरी फिका पडत नव्हता. आम्ही घामोळे समजून पावडर लावली. दहा-बारा दिवसांत तो काळा पडला, मग त्याला वास येऊ लागला. एका रुग्णालयाने सांगितले की सध्या फक्त तापाचे रुग्ण बघतो आहोत. दुसऱ्याने फोनवर मलमाचे नाव दिले. जुलैत एका ठिकाणी दाखल करून घेतले, तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. पुढचे चौदा महिने दादा पालथा किंवा कुशीवर पडून होता. दादाला कोरोना झाला नाही. सरकारी तक्त्यात तो सुखरूप आहे.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे, आणि ते हलके नाही. २०२० च्या मार्चमध्ये हा विषाणू कसा पसरतो हेसुद्धा नीट कळलेले नव्हते. पुनर्वसन-उपचार स्पर्शाशिवाय होत नाही. उपचार करणाऱ्याचा चेहरा रुग्णाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो, आणि तोच माणूस दिवसातून सात-आठ घरी जातो. ज्यांना कणव दाखवायची, त्यांच्याच घरात अशा मार्गाने आजार शिरला असता तर? दिव्यांगांना धोका जास्त होता हे तर उघडच आहे. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंडमधले २४ जानेवारी ते २० नोव्हेंबर २०२० या काळातील कोरोना-मृत्यू तपासले, तेव्हा अभ्यासातील लोकसंख्येत दिव्यांगांचे प्रमाण सुमारे १७ टक्के आणि मृतांमध्ये जवळपास ६० टक्के निघाले. त्यातला बराच भाग वाढत्या वयाचा आहे, हे मान्य केले तरी वय, गरिबी, इतर आजार वजा केल्यावरही फरक उरतोच. शिवाय मनुष्यबळ अपुरे होते. अनेक फिजिओथेरपिस्ट कोरोना कक्षात छातीचे व्यायाम देण्यासाठी, रुग्णांना पालथे झोपवण्यासाठी नेमले गेले आणि त्यांनी तिथे मोलाचे काम केले. त्यांना तिथून काढून आमच्या घरी पाठवा, असे मी म्हणालो असतो का? नाही.

पण या मुद्द्यांवरून नेमके काय सिद्ध होते? त्या काळात हा उपचार जपून द्यायला हवा होता, एवढेच. तो थांबवायला हवा होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. डायलिसिसचे उदाहरण घ्या. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला संसर्गाचा धोका फार मोठा, डायलिसिसच्या खोलीत खाटेला खाट लागून, आणि रुग्णाने आठवड्यातून दोन-तीनदा घराबाहेर पडायचे. तरीही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये ज्या सेवा चालू ठेवायला सांगितल्या, त्यांत प्रसूती, लसीकरण, क्षयरोगाची औषधे यांच्याबरोबर डायलिसिस होते. प्रत्यक्षात अडचणी पुष्कळ आल्या, पण तत्त्व कोणी नाकारले नाही. असे का? डायलिसिस थांबले तर माणूस दिवसांत जातो आणि त्याचे कारण सगळ्यांना दिसते. कण्याला इजा झालेला माणूस पाठीच्या जखमेतून रक्तात पसरलेल्या जंतूंनी सहा महिन्यांनी जातो, आणि दाखल्यावर वेगळेच काहीतरी लिहिलेले असते. मृत्यू सावकाश आला म्हणून तो कमी खरा ठरत नाही. आपण निवड केली ती उपचाराच्या गरजेवरून केली नाही. मृत्यू किती लवकर नजरेस पडतो, यावरून केली.

आणि श्वास व चाल यांची ही विभागणी शरीराला तरी मान्य आहे का? मानेचा कणा दुखावलेल्या माणसाला स्वतःच्या ताकदीने खोकता येत नाही. त्याच्या छातीतला कफ कोणीतरी हाताने दाब देऊन काढावा लागतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या अनेक मुलांना गिळणे शिकवावे लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. स्नायू झिजत जाण्याच्या आजारात बसण्याची ढब बिघडली की फुप्फुसांना जागा उरत नाही. हे सगळे कोण करते? ज्यांना नाक्यावर मालिशवाले म्हटले गेले, तेच. कोरोनातून व्हेंटिलेटरवर तीन-तीन आठवडे राहून उठलेल्या माणसाला उशीवरून मान उचलता येत नव्हती, तेव्हाही हाक त्यांनाच मारावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांची पाहणी केली, त्यात ६३ टक्के देशांत पुनर्वसन सेवा विस्कळीत झाल्याचे आढळले. म्हणजे ज्या विभागाची गरज साथीनेच वाढवली, तोच विभाग पाहणीतल्या बहुसंख्य देशांत विस्कळीत झाला.

थांबू शकेल असे या शाखेत काहीच नाही, असा माझा दावा नाही. जुन्या गुडघेदुखीचे व्यायाम दोन महिने पुढे गेले तर फारसे बिघडत नाही. परंतु ज्याला खेड्यात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, त्या पक्षाघाताच्या रुग्णाला हात-पाय परत मिळवण्याची सर्वांत मोठी संधी पहिल्या तीन महिन्यांत असते. माढ्याच्या किंवा करमाळ्याच्या ज्या माणसाला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झटका आला आणि ज्याचे उपचार जुलैत सुरू झाले, त्याची ती संधी बंदीतच निघून गेली. आत वळलेल्या पावलाने जन्मलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलत नेले, तर पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बरेच सरळ येते. वेळ गेला की तेच काम शस्त्रक्रियेवर जाते. थॅलेसेमियाच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार मान्य केले, त्यांत थॅलेसेमियाही आहे. बंदीत रक्तदान शिबिरे थांबली तेव्हा या मुलांनी काय करायचे होते? बाळाचे हाड, मेंदूची उभारी, कातडीखालचा रक्तप्रवाह यांना बंदीचा आदेश लागू होत नाही. म्हणून ‘फिजिओथेरपी चालू की बंद’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाची, कोणत्या टप्प्यावरची, कोणत्या खबरदारीने, असे विचारले पाहिजे, आणि त्याचे उत्तर या शाखेतल्या माणसांकडे तयार आहे.

फोनवरून उपचार करता येतात, असेही त्या चर्चेत सांगितले गेले. काही करता येतात. बोलणे शिकणाऱ्या मुलांना, घरी व्यायाम करू शकणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांना त्याचा खरोखर उपयोग झाला. पण आमच्या घरात एकच स्मार्टफोन होता, त्यावर जूनपासून पुतण्याची शाळा भरत होती, आणि दादाच्या पायातला ताण पडद्यावरून कोणाला कळणार होता? दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या विडी कामगाराच्या किंवा मागवाल्याच्या घरी फोन हा हाताला पूरक ठरेल. हाताची जागा तो घेऊ शकणार नाही.

या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर ‘पुनर्वसन ही शांततेच्या काळातली चैन’ हे म्हणणे उलटेच ठरते, कारण ही विद्या वाढली तीच साथींत आणि युद्धांत. कोपनहेगनमध्ये १९५२ साली पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून श्वास दिला. आजचा अतिदक्षता विभाग त्यातून उभा राहिला. त्याच सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये मुंबईतच हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. एकाच आजाराने श्वासाचे यंत्र आणि चालीचे शास्त्र, दोन्हींना पुढे ढकलले. ही दोन भावंडे आहेत. त्याही आधी, १९४४ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल येथे कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. त्याआधी असे बहुतेक रुग्ण पाठीच्या जखमा आणि लघवीच्या संसर्गाने थोड्याच काळात मरत. गुटमान यांचा पहिला उपाय अगदी साधा होता: दिवसरात्र, दर दोन तासांनी रुग्णाला वळवायचे. बाँब पडत असलेल्या देशात, माणसांची आणि औषधांची टंचाई असताना हे झाले. युद्ध संपेपर्यंत थांबा, असे त्यांना कोणी सांगितले असते, तर ते सैनिक थांबले असते का? १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेतात, तेव्हा त्या पदकामागे याच विद्येची अनेक वर्षे उभी असतात.

साथीच्या काळात आपण आठवतो तो मात्र दुसराच इतिहास. मार्च २०२० मध्ये राज्याने हाती घेतला तो साथरोग कायदा १८९७ च्या प्लेगमधला. मूळ चार कलमांच्या त्या कायद्यात तपासणीचा अधिकार आहे, अलग ठेवण्याचा अधिकार आहे, शिक्षा आहे. रुग्णाला काय देणे लागते, याविषयी त्यात अवाक्षर नाही. प्लेगच्या बंदोबस्तात घरात शिरलेल्या सोजिरांच्या कथा आपण शाळेत शिकलो, पण त्या कायद्याची बंदोबस्ताची नजर आपल्यातून गेलेली नाही. साथ म्हणजे आधी रस्ता अडवणे, मग बाकीचे.

कागदावर तर २०२० मध्येही सारे होते, आणि हे समोरच्या बाजूने मला जरूर सुनवावे. दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ८ आपत्तीच्या काळात संरक्षणाची हमी देते, कलम २५ रुग्णालयात प्राधान्य देते. टाळेबंदीच्या आदेशात वैद्यकीय आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याला मुभा होती. केंद्राच्या दिव्यांग विभागाने २६ मार्चलाच सूचना काढून काळजीवाहकांना सोप्या पद्धतीने पास द्या, असे राज्यांना सांगितले. मग अडले कुठे? दिल्लीचा कागद आणि नाक्यावरचा माणूस यांच्यामध्ये जिल्हा असतो, आणि जिल्ह्याच्या यादीत तो उपचार, ती व्यक्ती, ते घर नावानिशी नव्हते. सर्वसाधारण मुभा कोणाच्याच उपयोगी पडत नाही; नाक्यावर चालते ती नावाची ओळ.

अशी ओळ लिहिणे अशक्य असते, असे म्हणायची सोय निदान आपल्या जिल्ह्याला नाही. १ जुलै २०२० च्या आषाढी एकादशीला वारी पायी निघाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीतून पंढरपूरला आल्या. किती माणसे, कोणती गाडी, कोणता मार्ग, तपासणी कधी, मुक्काम कुठे, हे सगळे आधी ठरवून, लिहून, पाळून दाखवले गेले. परंपरा तुटू नये म्हणून एवढ्या निगुतीने अपवाद आखता आला, याचा मला अभिमान आहे. एरवीही दरवर्षी लाखो लोकांसाठी पाणी, शौचालये, दवाखाने यांची तयारी हेच प्रशासन महिनोन्‌महिने आधी करते. मग जिल्ह्यात कण्याची इजा झालेले, नळीने लघवी काढावी लागणारे, अंथरुणाला खिळलेले किती आणि कोठे, याची तालुकावार यादी आशाताईंच्या मदतीने करून ठेवणे त्याला जड का जावे? जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. त्यांच्या आराखड्यात घरी जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे आगाऊ ओळखपत्र, कॅथेटर (लघवीच्या नळ्या) आणि हवेच्या गाद्यांचा तीन महिन्यांचा साठा, आणि लाल डागाचा फोटो पाठवला तर त्याच दिवशी उत्तर देणारा एक दूरध्वनी, एवढे तरी आधीपासून असू शकते.

विलगीकरण कक्षाचेही तसेच. तिथे सोबत कोणी नसावे, हा नियम संसर्गाच्या दृष्टीने रास्त होता. पण ज्याला बेल दाबता येत नाही, ज्याला मास्कमागचे ओठ दिसत नसल्याने काहीच कळत नाही, ज्या मतिमंद मुलाला आईशिवाय कोणी खाऊ घालू शकत नाही, त्याच्याबरोबर संरक्षक पोशाखात एक माणूस राहू देणे हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे. लसीच्या वेळीही आपण हेच पाहिले. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले आणि घरी जाऊन लस देण्याची केंद्राची कार्यपद्धती सप्टेंबरात आली. आठ महिने अंथरुणावरचा माणूस रांगेत येण्याची वाट कोण बघत होते?

शेवटचा आक्षेप न बोलता केला जातो, म्हणून तो मीच मांडतो: साधने अपुरी असतील तर जो जास्त बरा होईल त्याला ती द्यावीत. हे तर्कशुद्ध वाटते. पण कोण किती बरा होईल, हे घाईत ठरवणाऱ्याच्या मनात कोणाचे जगणे किती मोलाचे, हा अंदाज नकळत मिसळतो. ब्रिटनमध्ये २० मार्च २०२० ला अतिदक्षता उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांत रुग्ण इतरांवर किती अवलंबून आहे याची मोजपट्टी होती. म्हाताऱ्यांसाठी बनवलेली ती पट्टी तरुण दिव्यांगांना लावली तर दैनंदिन कामांत मदत लागणारा धडधाकट फुप्फुसांचा माणूसही मागे पडला असता. लोकांनी आवाज उठवला आणि पाचच दिवसांत, २५ मार्चला, ती दुरुस्त झाली: स्थिर स्वरूपाचे दिव्यांगत्व असणाऱ्यांना ही पट्टी लावू नये. तिथे कागद होता म्हणून चूक दिसली आणि दुरुस्तही झाली. आपल्याकडे असा कागद लोकांसमोर आला नाही. पण खाटा कमी होत्या, म्हणजे निवड तर झालीच असणार. ती कोणत्या पट्टीने झाली, हे विचारायला जागाच राहिली नाही. म्हणूनच मी लेखी निकषांचा आग्रह धरतो, आणि ते लिहिताना टेबलापाशी व्हीलचेअरवरचा माणूस बसलेला असावा, असाही.

त्या सभागृहातल्या बाईंना मी नंतर बाहेर गाठले. रॅम्प नसल्याने त्यांना दोन तरुणांनी खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून उतरवले होते, आणि त्या रिक्षाची वाट पाहत होत्या. त्यांना चालायचे नव्हते, त्यांनी चालीबद्दल विचारलेच नव्हते. मूत्राशयाचा संसर्ग, पाठीची जखम आणि खांद्याचा झिजलेला सांधा, या तिन्ही गोष्टींसाठी त्यांना २०२० मध्ये कोणाकडे जाता आले नव्हते, एवढे त्या सांगत होत्या. घरी आलो तेव्हा दादा खुर्चीत बसला होता, मांडीवर टॉवेलांची थप्पी होती. आता तो एका वेळी अर्धा तास बसतो. वहिनींचा गजर झाला, आम्ही दोघांनी त्याला उचलून पलंगावर कुशीवर ठेवले, आणि मी जुन्या व्रणाच्या कडेची कातडी बोटाने दाबून, ती फिकी होते का, ते पाहिले.